बिशपच्या शेजारी ओडिनचं बिऱ्हाड

ऐकलंत का? तिकडे युरोपात ओडिन परत आलाय म्हणे! हो, तोच तो. एक डोळा देऊन शहाणपण घेतलेला, खांद्यांवर दोन डोमकावळे, बुडाखाली आठ पायांचा घोडा. हजार वर्षांपूर्वी त्याची रीतसर बोळवण झाली होती. सगळ्यांना वाटलं, गेला तो गेला. आणि आता हा गडी परतलाय तोही चोरपावलांनी नव्हे! सरकारदरबारी नोंदणी, लग्नं लावायचा अधिकार आणि वर सरकारी तिजोरीतून माणशी ठरलेली रक्कम. आता बोला!

बरं, कुठल्या आडरानात घडतंय म्हणावं तर तसंही नाही. आइसलँडमध्ये घडतंय. वस्ती चार लाखांच्या आत, जो तो शिकलेला, जमिनीखालच्या गरम पाण्यावर घरं ऊबदार. अशा शहाण्यासुरत्या देशात शंभरातली दीडएक माणसं आज आसात्रू, म्हणजे जुन्या जर्मानिक देवांचा धर्म, आपला म्हणून कागदोपत्री लिहून देतात. ख्रिस्तेतर धर्मांत हाच सगळ्यात मोठा. दीड टक्क्यात काय एवढं, असं म्हणून नाक मुरडू नका. ही मंडळी शून्यावरून निघालीत. आणि त्याच काळात राष्ट्रीय लूथरपंथी चर्च नव्वद टक्क्यांच्या वरून घसरत घसरत साठीच्या खाली आलंय.

भानगडीचं मूळ शोधायला एप्रिल १९७१ मध्ये जावं लागतं. डेन्मार्कच्या नौदलाचं जहाज रेक्याविकच्या धक्क्याला लागलं आणि अख्खं गाव बंदरावर लोटलं. शाळांना सुट्टी, भाषणं, थाटमाट. जहाजातून उतरलं कोण? राजा नाही, राणी नाही. दोन जुनी चामड्यावरची बाडं! डेन्मार्कनं शेकडो वर्षं आपल्याकडे ठेवून घेतलेली आइसलँडची हस्तलिखितं परत करायला सुरुवात केली होती. त्यातलं एक कोडेक्स रेगियस, तेराव्या शतकातलं, ओडिन आणि मेघगर्जनेचा देव थोर यांच्या गाण्यांचं. आता गंमत ऐका. हे बाड १६६२ साली डेन्मार्कच्या राजाला नजर केलं कुणी? एका बिशपनं. आणि त्या देवांच्या गोष्टी गद्यात नीट लावून ठेवल्या कुणी? स्नोरी स्टुर्लुसननं, जो स्वतः चांगला बाप्तिस्मा झालेला ख्रिस्ती पुढारी. म्हणजे हे पाखंड घरच्याच धर्मनिष्ठ माणसांनी मीठ लावून बरणीत मुरत ठेवलेलं. कधी ना कधी कुणीतरी झाकण उघडणारच होतं.

ते उघडलं बरोबर एका वर्षानं. २० एप्रिल १९७२, त्यांच्या पंचांगातला उन्हाळ्याचा पहिला दिवस. (एप्रिलात उन्हाळा! बाहेर बर्फ पडत असला तरी यांचा उन्हाळा ठरल्या गुरुवारी सुरू.) रेक्याविकच्या हॉटेल बोर्गमध्ये डझनभर माणसं जमली आणि आसात्रूआरफेलागिद, म्हणजे आसात्रू संस्था, स्थापन झाली. म्होरक्या कोण? कुणी गुहेतला मांत्रिक असेल असं वाटतं ना? मुळीच नाही. स्वेनब्योर्न बेइन्तेइनसन नावाचा, पन्नाशीकडे झुकलेला, मेंढ्या पाळणारा शेतकरी. लांब दाढी, मृदू बोलणं आणि रीमुर नावाच्या जुन्या पद्यप्रकाराचं वेड. वेड म्हणजे किती, तर त्या वृत्तांवर त्यानं १९५३ मध्येच एक पुस्तक लिहून ठेवलं होतं. देव नंतर आले, आधी छंदशास्त्र आलं!

नाताळच्या तोंडावर हा शेतकरी आणि त्याचा एक सोबती थेट न्याय आणि चर्च खात्याच्या मंत्र्यांच्या दालनात गेले. मंत्री ओलावुर योहानेसन, जे तेव्हा पंतप्रधानही होते. म्हणजे बघा, देशाच्या पंतप्रधानासमोर दोन दाढीवाले बसलेत आणि म्हणताहेत, ‘‘आम्हाला थोर-ओडिनचा धर्म नोंदवायचाय.’’ साहेबांना वाटलं, थट्टा चाललीय. थट्टा नव्हती. मग त्यांनी सरकारी माणसानं जे करायचं तेच केलं, आणखी कागदपत्रं मागितली. दोघं बाहेर पडले, आणि सांगतात असं, की थोड्या वेळात कडाडून वीज पडली आणि राजधानीच्या मध्यभागातले दिवे गेले. विजेचा देव कोण, हे आइसलँडमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. वर्तमानपत्रांना आयतं कोलीत मिळालं. देवानं आपल्या अर्जावर स्वतःच शिफारस केली म्हणायची.

आता बिशप गप्प बसणार होय? सिगुरब्योर्न एइनारसन हे मोठे विद्वान गृहस्थ. त्यांनी जाहीरपणे सांगितलं की राज्यघटनेला धर्मस्वातंत्र्य अभिप्रेत आहे ते एकेश्वरी धर्मांना. इथे तर देवांचा नुसता बाजार. शिवाय जर्मनीत नाझींच्या काळात असले प्रयोग झाले, त्यांचं काय झालं ते आठवा. (दुसरा मुद्दा वजनदार होता. त्यावर येतेच, जरा दम धरा.) पण कायदा वाचून पाहिला तर देव किती असावेत याची कमाल मर्यादा काही त्यात सापडेना. मे १९७३ मध्ये नोंदणी झाली. लग्नं लावा, नामकरणं करा, माणसं पुरा, सगळं कायदेशीर.

पाठोपाठ ५ ऑगस्ट १९७३ ला स्वेनब्योर्नच्या द्रागहाउल्स या शेतावर पहिला जाहीर ब्लोत झाला. ब्लोत म्हणजे देवांसाठीची मेजवानी. हजार वर्षांनी पहिला म्हणून पत्रकार आले, फोटोवाले आले, घरी बनवलेली थोरची मूर्ती मांडली गेली. आणि पावसानं जे झोडपलं! धो धो. सगळे चिखलात भिजलेल्या मेंढरांसारखे उभे. पावसाच्या मालकालाच बोलावलंत, मग छत्री आणायला नको?

पण मला खरा खुसखुशीत किस्सा वाटतो तो हजार वर्षांपूर्वीचा. इसवी सन १००० च्या सुमाराला थिंगवेलिरच्या मैदानात अख्ख्या देशाची सभा भरली. अर्धे ख्रिस्ताचे, अर्धे थोरचे, आणि तलवारी उपसायच्याच बाकी. शेवटी दोन्ही बाजूंनी निवाडा सोपवला कायदा सांगणाऱ्या थोर्गेइरवर. तो स्वतः जुन्या धर्मातला. यानं काय करावं? घोंगडं घेतलं, डोक्यावरून ओढलं आणि दिवसरात्र तसाच पडून राहिला. उठला आणि म्हणाला, सगळ्यांनी ख्रिस्ती व्हायचं. एवढं सोपं? छे! अटी होत्या. घोड्याचं मांस खायला मोकळीक. नको असलेलं मूल उघड्यावर टाकायची जुनी रीत चालू (ही मात्र ऐकून पोटात गोळा येतो). आणि घरात गुपचूप जुन्या देवांना नैवेद्य दाखवला तर हरकत नाही, साक्षीदार नसले म्हणजे झालं! आणि बाप्तिस्मा? थंडगार नदीत बुडी मारायला बऱ्याच जणांनी साफ नकार दिला. परतीच्या वाटेवर गरम पाण्याचे झरे लागतात, तिथे उतरून पावन झाले. धर्म बदलायचा, पण अंगावर काटा येऊ द्यायचा नाही. सवलती काही वर्षांत काढून घेतल्या गेल्या म्हणतात. घोड्याचं मांस मात्र आइसलँडमध्ये आजही दुकानात मिळतं. त्यामुळे धर्मांतर झालं ते नक्की किती, हा प्रश्न कुणी विचारला तर मी तरी चूप बसणार.

बरं, आता हे लोक जमून करतात तरी काय? जुन्या ख्रिस्ती लेखकांना विचाराल तर अंगावर शहारे येतील. ब्रेमेनच्या आदामनं अकराव्या शतकात लिहून ठेवलंय की स्वीडनच्या उप्सालात दर नऊ वर्षांनी प्रत्येक जातीचे नऊ नर मारून राईतल्या झाडांना टांगत. घोडे, कुत्रे, माणसंसुद्धा. त्यानं स्वतः पाहिलेलं नव्हतं, ऐकीव. पण खमंग बातमीला कधी साक्षीदार लागलाय? तेव्हा तुम्ही रक्ताची थारोळी डोळ्यांसमोर आणून रेक्याविकला जाल, तर हिरमोड होईल. आजच्या ब्लोतमध्ये माणसं गोल करून उभी राहतात. पुरोहित, ज्याला ते गोदी म्हणतात, समारंभ सुरू झाल्याचं जाहीर करतो, एड्डातल्या, म्हणजे त्या जुन्या गाण्यांच्या संग्रहातल्या, ओव्या म्हणतो. मग पिण्याचं शिंग हातोहात फिरतं. ज्याच्या हातात येईल त्यानं एखाद्या देवाचं, भूमीच्या राखणदारांचं नाहीतर आपल्या गेलेल्या आजीचं नाव घ्यायचं, घोट घ्यायचा, थोडं जमिनीवर सांडायचं आणि शिंग पुढे द्यायचं. बळी वगैरे काही नाही. पोरं पायांत लुडबुडत असतात. मग जेवण. ज्यांनी ज्यांनी लघवी लागेपर्यंत लांबलेली पूजा पाहिलीय, त्यांना यात नवलाचं काही दिसणार नाही.

हां, जेवणावरून आठवलं. अघोरी म्हणावं असं काही असेल तर ते थाळीत. थोराब्लोत नावाचा माघातल्या थंडीचा सोहळा एकोणिसाव्या शतकात पुन्हा सुरू झाला, आणि त्याचं ताट १९५८ मध्ये रेक्याविकच्या एका उपाहारगृहानं लोकप्रिय केलं. केस होरपळवून उकडलेलं मेंढ्याचं डोकं, आंबवलेले मेंढ्याचे वृषण आणि महिनोन्‌महिने कुजवून वाळवलेला शार्क, ज्याचा अमोनियाचा भपकारा नाकातून थेट मेंदूत जातो. वरून जिऱ्यासारख्या वासाच्या ब्रेनिविनचा घोट. हे ताट मोठ्या चवीनं खातात कोण? चर्चमध्ये जाणारे पापभीरू नागरिक! थोरला नावं ठेवून ब्लोतच्याच नावानं शार्क चघळायचा, आणि पाखंडी म्हणायचं त्या बिचाऱ्या शिंगवाल्यांना.

आता सगळ्यात मोठा गौप्यस्फोट. जवळ या. या लोकांचा ओडिनवर विश्वासच नाही!

मी नाही, त्यांचे मुख्य पुरोहितच सांगतात. २००३ पासून हे पद हिल्मार ओर्न हिल्मारसन यांच्याकडे आहे. धंद्यानं संगीतकार, एका चित्रपटाच्या संगीतासाठी १९९१ चा युरोपियन फिल्म अवॉर्ड मिळवलेले, सिगुर रोस या नावाजलेल्या बँडबरोबर ओडिनच्या डोमकावळ्यांवर मैफल केलेले. त्यांनी परदेशी वार्ताहरांना सरळ सांगून टाकलं की एका डोळ्याचा कुणी आठ पायांच्या घोड्यावर बसून हिंडतो, असं कुणी मानत असेल असं त्यांना वाटत नाही. या गोष्टी म्हणजे निसर्गाच्या शक्तींची आणि माणसाच्या मनाची रूपकं. ऐका! बिशप जन्मभर ज्या मूर्तिपूजेविरुद्ध कंठशोष करत राहिले, तिच्या गाभाऱ्यात बघावं तर एक कवी, एक संगीतकार आणि एक काव्यसंग्रह. धर्मग्रंथ नाही, दहा आज्ञा नाहीत, कुणाचा धर्म बदलायची घाई नाही. काय मानता, असं कुणी विचारतही नाही. आपल्याकडे नास्तिक काका गणपतीची आरती सगळ्यात मोठ्या आवाजात म्हणतात, त्यामुळे मला तरी यात धक्का बसण्यासारखं काही दिसेना. पण युरोपात, जिथे श्रद्धेच्या एकेका वाक्यावरून लढाया झाल्या, तिथे विश्वासाशिवाय धर्म चालवायचा म्हणजे शुद्ध वाह्यातपणा!

आणि संगत कसली होती स्वेनब्योर्नची? ऐंशीच्या दशकात हा पांढऱ्या दाढीचा मेंढपाळ रेक्याविकच्या पंक पोरांच्या गळ्यातला ताईत झाला. १९८२ च्या ‘रोक्क इ रेक्याविक’ या माहितीपटात कानठळ्या बसवणाऱ्या गिटारींच्या मध्येच हे आजोबा उभे राहून संथ लयीत रीमुर म्हणतात, आणि त्याच पटात कोवळ्या वयाची गायिका ब्योर्क आपल्या बँडबरोबर किंचाळते. कुणाला काही विचित्र वाटलं नाही. तेच तर विचित्र.

आता ती वजनदार गोष्ट, जी बिशपांनी काढली होती. इथे हसू जरा आवरावं लागतं. कारण जर्मनी-ऑस्ट्रियात या प्रकरणाची सुरुवातच आंबट आहे. व्हिएन्नाचे गीडो लिस्ट, ज्यांनी आपल्या नावाला खानदानी ‘फॉन’ आपला आपणच चिकटवला, १९०२ मध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिने आंधळे होते. त्या अंधारात त्यांना अठरा रूनांचं, म्हणजे जुन्या जर्मानिक अक्षरांचं, गूढ ‘दिसलं’. डोळ्यांवरची पट्टी सुटली आणि पुस्तकांचा रतीब सुरू झाला. आर्य रक्त, गुप्त पुरोहित, सगळी सामग्री. मग फ्रीडरिश मार्बी नावाच्या एकानं त्या अक्षरांच्या आकारात उभं राहायची कवायत काढली. दुसऱ्या एकानं तिला चक्क रूनयोग म्हटलं! हात वर तिरपे, पाय जुळलेले, तोंडानं अक्षराचा उच्चार. आणि या योग्याचं झालं काय? ज्या नाझींच्या राज्यात हे सगळं फोफावेल असं वाटत होतं, त्यांनीच १९३६ मध्ये मार्बीला उचललं आणि १९४५ पर्यंत छळछावण्यांत ठेवलं. खुद्द हिटलरनं अस्वलाचं कातडं पांघरून जुन्या जर्मन वीरांच्या गप्पा मारणाऱ्यांची आपल्या पुस्तकात टर उडवली होती. त्यांची चिन्हं तेवढी त्याला हवी होती.

याच कहाणीत एक धागा आपल्या देशातून जातो. याकोब विल्हेल्म हाउअर. बासेल मिशननं याला १९०७ मध्ये केरळात पाठवला, कशाला, तर तिथल्या लोकांना ख्रिस्ताच्या वाटेवर आणायला. हा गेला, राहिला, परतला, संस्कृत शिकला, ट्युबिंगेनला प्राध्यापक झाला, योगावर ग्रंथ लिहिला, आणि ख्रिस्तालाच सोडून बसला! १९३३ मध्ये त्यानं ‘जर्मन श्रद्धा चळवळ’ उभी केली. गीता एका हातात, जर्मानिक देव दुसऱ्या हातात, आणि गळ्यात नाझींची दोस्ती. १९३५ मध्ये बर्लिनच्या स्पोर्टपालास्टमध्ये प्रचंड सभा, १९३६ मध्ये नेतृत्वावरून पायउतार, युद्धानंतर स्थानबद्धता. मलबारात त्याच्या हातून किती जण ख्रिस्ती झाले देव जाणे, पण मिशनचा एक माणूस कमी झाला एवढं नक्की.

तो आंबट वास अजून पुरता गेलेला नाही. फिनलंडच्या केमी गावात २०१५ मध्ये निर्वासितांविरुद्ध ‘सोल्जर्स ऑफ ओडिन’ नावाची टोळी निघाली. काळी जाकिटं, पाठीवर शिंगांच्या टोपातला ओडिन. (आणि ती शिंगं! व्हायकिंगांनी असले टोप कधी घातलेच नाहीत. १८७६ साली वाग्नरच्या ऑपेरासाठी डोप्लर नावाच्या वेशभूषाकारानं शिवले, ते जगानं खरे मानले. वंशाच्या शुद्धतेचा अभिमान आणि डोक्यावर नाटकाचं सामान!) तर ही मंडळी गस्त घालायला निघाली, तेव्हा ताम्पेरे शहरात त्यांच्याभोवती विदूषकांचा जथा नाचत सुटला. नाव घेतलं ‘लोल्डियर्स ऑफ ओडिन’. पोलिसांनी पकडलं कुणाला? विदूषकांना. पण त्याहून नामी डाव एका बाईनं टाकला. टोळीचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचं टोळीच्या ध्यानातच आलं नव्हतं. बाईनं गपचूप स्वतःच्या नावावर नोंदवून घेतलं आणि त्याखाली चमचमत्या एकशिंगी घोड्यांचे कपडे विकायला काढले! ओडिनच्या सैनिकांवर गुलाबी युनिकॉर्नची पाळी. या बाईंचा सत्कार कुणी केला की नाही?

पण सगळेच ओडिनवाले असे नाहीत. डेन्मार्कच्या फोर्न सिद संस्थेला २००३ मध्ये लग्नं लावायचा अधिकार मिळाला. नॉर्वेत, स्वीडनमध्ये, जर्मनीत अशाच छोट्या छोट्या संस्था आहेत, आणि प्रत्येकीचा निम्मा वेळ ‘आम्ही ते वंशवादी नव्हे’ हे सांगण्यात जातो. रेक्याविकला तर २०१५ मध्ये परदेशी ओडिनभक्तांची शिव्याशापांची पत्रं आली. कारण? इथले गोदी दोन पुरुषांची, दोन स्त्रियांची लग्नं लावतात. पत्रलेखकांना ते ओडिनच्या मर्दानगीला शोभेना. अरे, पण थोरनं एकदा आपला चोरीला गेलेला हातोडा परत मिळवायला नवरीचा शालू नेसून राक्षसाशी लग्न लावायची तयारी केली होती! याच कोडेक्स रेगियसमध्ये आहे ते. भक्त म्हणवणाऱ्यांनी निदान पोथी तरी उघडावी.

पैशाचं म्हणाल तर आइसलँडमध्ये सरकार प्रत्येक प्रौढामागे ठरलेली रक्कम त्याच्या नोंदणीकृत धर्मसंस्थेला देतं. तिची लालूच इतकी, की २०१५ च्या अखेरीला सुमेरी देवांच्या नावानं चालणाऱ्या एका ‘झुइस्ट’ संस्थेनं हाक दिली: आमच्यात या, सरकारी रक्कम तुम्हालाच परत करू! काही आठवड्यांत हजारो माणसं चार हजार वर्षांपूर्वीच्या देवांना शरण. त्यामानानं आसात्रूवाले साधेभोळे. ते आपला वाटा साठवून ओस्क्युह्लिद टेकडीवर देऊळ बांधायला निघाले. वास्तुविशारद मॅग्नुस येन्सन. खडकात चार मीटर उतरलेलं, वर घुमट, अडीचशे माणसांची सोय. मापं बेतली ९ आणि ४,३२,००० या आकड्यांवर. दुसरा आकडा कुठला? एड्डात वल्हाल्ला या वीरांच्या महालाला ५४० दारं, आणि शेवटच्या युद्धाला प्रत्येकातून ८०० वीर बाहेर पडणार. करा गुणाकार. आणि आता आपलं पंचांग काढा आणि कलियुगाची एकूण वर्षं बघा. ४,३२,०००! योगायोग असेल हो, असेलही. पण उत्तर ध्रुवावरच्या वैदिक आर्यांचा माग काढताना १९०३ च्या ग्रंथात नॉर्स देवकथांचेही दाखले घेणारे आमचे लोकमान्य आज असते, तर सिंहगडावर आणखी एक प्रकरण नक्की लिहून झालं असतं.

भूमिपूजनाचा मुहूर्त कुठला काढला? २० मार्च २०१५, ऐन सूर्यग्रहणात! ग्रहणात कुदळ मारायची, म्हणजे आपल्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यांनी अन्नपाणी सोडलं असतं. रेक्याविकवर सूर्य जवळजवळ अख्खा झाकला गेला, आगटी पेटली, मंत्र झाले, वार्ताहरांनी जगभर बातम्या धाडल्या की हजार वर्षांनी पहिलं देऊळ २०१६ ला उघडणार. मग घुमट अवघड निघाला, खर्च फुगला आणि २०१६ साल देवळावाचूनच सरलं. पुढे सभासद भूमिपूजनाच्या वेळेपेक्षा दुपटीच्या वर गेले, म्हणजे अडीचशेची जागाही अपुरी पडायची चिन्हं. आता कुणी म्हणतं कंत्राटदाराचा दोष, कुणी म्हणतं गणिताचा. ग्रहणाचं नाव मात्र एकानंही घेतलेलं माझ्या कानावर नाही.